विजयानंतरचा डेव्हिड

लहानाने मोठ्याला हरवले, की आपण टाळ्या वाजवतो. बायबलातील डेव्हिड आणि गोलायथ यांची गोष्ट म्हणूनच भाषणांत वारंवार येते. मेंढरे राखणारा पोरगा राजाने दिलेले चिलखत सवयीचे नाही म्हणून उतरवून ठेवतो, ओढ्यातले पाच गोटे घेतो आणि गोफणीच्या एका गोट्याने धिप्पाड योद्ध्याला लोळवतो. मग त्याचीच तलवार उपसून त्याचे मुंडके उतरवतो. आमच्या ग्रंथालयातील एका जाड पुस्तकात या विजयाची इटालियन शिल्पे व चित्रे पाहिली आणि वाटले, टाळ्या वाजवण्यात आपण जरा घाई करतो.

पंधराव्या शतकातील दोनातेल्लोचा कांस्याचा डेव्हिड पाहा. डोक्यावर टोपी, एक पाय कापलेल्या मुंडक्यावर, आणि चेहऱ्यावर श्रमाची खूणही नाही! मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात, इतरांनी अर्धवट सोडलेल्या संगमरवरातून आपला डेव्हिड घडवला. तो लढाईपूर्वीचा आहे. कपाळावर आठी, नजर शत्रूवर. मेदिची घराण्याला १४९४ साली हाकलून दिलेल्या फ्लॉरेन्सने तो नगरसभेच्या वाड्यासमोर उभा केला. पण गंमत अशी, की हा लहानगा सुमारे १७ फूट उंच आहे आणि त्या काळी लोक त्यालाच ‘राक्षस’ म्हणत. लहानाचा जयजयकार करता करता आपण त्यालाच राक्षस करून टाकतो की काय?

बर्निनीचा डेव्हिड (१६२३-२४) मात्र मला जवळचा वाटतो. ज्वारीच्या माळ्यावर बसून मी पाखरे राखली आहेत. गोफण नुसत्या हाताने फिरत नाही, सारे अंग कमरेपासून पिळावे लागते. बर्निनीने नेमके तेच कोरले आहे. ओठ घट्ट मिटलेले, कपाळ आक्रसलेले. जिंकणे म्हणजे कष्ट, हे त्याला ठाऊक होते.

तरीही सर्वांत खरे चित्र मी काराव्हाज्जोचे मानते. १६०६ साली रोममध्ये भांडणात एका माणसाला ठार करून तो परागंदा झाला. १६१० साली मेला. अखेरच्या वर्षांतील या चित्रात डेव्हिडच्या हातातील मुंडक्याला चित्रकाराने स्वतःचाच चेहरा दिला, असे मानले जाते. जिंकलेला पोरगा हसत नाही. तो त्या मुंडक्याकडे खिन्नपणे पाहतो.

घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. गावाने हार घातला तेव्हा मीही स्वतःला डेव्हिडच समजले. गेल्या दिवाळीत आई पाहुण्यांसमोर ‘पानी’ म्हणाली. मी चटकन म्हणाले, “पानी नव्हे, पाणी.” पाहुणे हसले. आई गप्प झाली आणि मान खाली घालून आत गेली. त्या क्षणी गोफण माझ्या हातात होती, पण समोर कोणी गोलायथ नव्हता.

बायबलातील डेव्हिडही पुढे राजा झाला आणि आपल्याच एका शिपायाच्या, उरियाच्या, बायकोसाठी त्याने त्याला लढाईत मरायला पाठवले. म्हणून मला वाटते, आपल्यासारख्या नव्याने शिकणाऱ्यांनी दोनातेल्लोच्या डेव्हिडसारखे मुंडक्यावर पाय देऊन उभे राहू नये. जिंकल्यावर एकदा खाली पाहावे. कोण पडले आहे, ते आपले तर नाही ना, हे ओळखावे.

आईची मी अजून क्षमा मागितलेली नाही. या सुटीत मागणार आहे.