एकवटलेल्या पैशाचे पोकळ बळ

उद्योगसंस्था एकाच परिसरात, एकाच बँकेभोवती एकवटल्या म्हणजे त्या संकटात तग धरण्यास अधिक समर्थ होतात, हा बूर्ज्वा अर्थशास्त्राचा लाडका सिद्धांत. भांडवल जवळ, परस्परांच्या व्यवहारांची माहिती जवळ. मग धोका तो कसला? १० मार्च २०२३ रोजी कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली आणि या सिद्धांताची दुसरी बाजू उघडी पडली.

या बँकेचे ठेवीदार मुख्यतः तंत्रज्ञान क्षेत्रातील नव्या कंपन्या व त्यांना भांडवल पुरविणारे गुंतवणूकदार. नव्वद टक्क्यांहून अधिक ठेवींना विम्याचे पूर्ण संरक्षण नव्हते. बँकेने हा पैसा दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतविला; व्याजदर चढले, रोख्यांचे मोल उतरले. ८ मार्चला रोखेविक्रीतील सुमारे १८० कोटी डॉलरचा तोटा जाहीर झाला आणि ९ मार्चच्या एका दिवसात ठेवीदारांनी ४,२०० कोटी डॉलर काढून घेतले. ज्या जवळिकीची एवढी थोरवी गायिली जात होती, तिनेच ही पळापळ घडविली. सल्लागार तेच, वार्ता तीच, आणि पैसे हलविण्यास हातातील फोन पुरेसा.

चालू खाती मोठ्या बँकांत एकवटली की त्या बँकांना भांडवलदारांची खरी स्थिती कळते व त्यांच्यावर हुकमत चालविता येते, असे लेनिनने १९१६ सालीच दाखविले होते. माहितीचा संचय हा सत्तेचा संचय असतो. त्यातून सुरक्षितता आपोआप निपजत नाही.

१२ मार्चला अमेरिकन सरकारने या बँकेतील सर्व ठेवींची हमी दिली. खुल्या बाजाराचे भक्त त्या दिवशी सरकारच्या दारी उभे होते!

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. तिच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते, आणि ते दडविण्यासाठी सुमारे २१ हजार बनावट खाती दाखविल्याचा आरोप पोलिसांत नोंदला गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारास प्रथम केवळ १,००० रुपये काढता येत होते. हे ठेवीदार निवृत्त नोकरदार होते, छोटे दुकानदार होते, गृहनिर्माण संस्था होत्या. जानेवारी २०२२ च्या विलीनीकरण योजनेने मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबविली. तेथे दोन दिवसांत हमी, येथे दहा वर्षांची प्रतीक्षा.

जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या एका संगणकसेवा कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान बँकांचे डिजिटल व्यवहार थांबले. त्यांत सहकारी व ग्रामीण बँकाच बहुसंख्य. तरीही मक्तेदारीला वेसण घालण्याची घाई कोणास आहे? यूपीआयमध्ये एका कंपनीचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत राखण्याचा नियम २०२० साली जाहीर झाला. फोनपे व गूगल पे या दोघांचा वाटा मिळून ८० टक्क्यांवर गेलेला असतानाही ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याची मुदत आणखी दोन वर्षांनी वाढविण्यात आली.