बेनिननं बी अडवली, आपण काय अडवलं?

काजूचा हंगाम आला की आमच्या सिंधुदुर्गात एक भाषण ठरलेलं. "आफ्रिकेची बी येते म्हणून आपल्या बागायतदाराला दर मिळत नाही." टाळ्या. मग निवेदन, फोटो, पेपरात बातमी. गेली कित्येक वर्षं मीच या बातम्या लिहितोय, मथळा बदलायचीसुद्धा गरज पडत नाही. पण यातल्या एकाही वक्त्याला विचारा, साहेब, आफ्रिका म्हणजे नेमका कुठला देश? गप्प.

तर मंडळी, आज त्यातल्या एका देशाबद्दल. बेनिन.

नकाशात नायजेरिया शोधा. त्याला पश्चिमेकडून चिकटलेली उभी पट्टी म्हणजे बेनिन. समुद्रकिनारा जेमतेम १२० किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याला आहे तेवढाच! तिथून उत्तरेकडं सातशेएक किलोमीटर आत, थेट नायजर नदीपर्यंत. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. राजधानी कागदावर पोर्तो-नोव्हो, पण सरकार आणि बंदर दोन्ही कोतोनूत. १९६० पर्यंत फ्रेंचांचं राज्य, तेव्हा नाव दाहोमे. चलन आजही युरोला बांधलेलं.

या देशाचं पोट दोन गोष्टींवर. एक कापूस, दुसरं शेजाऱ्यांची हमाली. नायजरला समुद्र नाही, त्याचा माल वर्षानुवर्षं कोतोनूवरून जायचा. नायजेरियानं तांदळावर बंधनं घातली, तर तांदूळ उतरायचा कोतोनूत आणि आडवाटेनं जायचा नायजेरियात. त्यात आपल्या भारतातला उकडा तांदूळही भरपूर. परतीच्या वाटेनं नायजेरियाचं स्वस्त पेट्रोल, जे रस्त्याकडेला बाटल्यांतून विकलं जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये नायजेरियानं सीमाच बंद केली आणि डिसेंबर २०२० पर्यंत उघडली नाही. शेजाऱ्याच्या मर्जीवर संसार चालवणं म्हणजे काय, हे तेव्हा त्यांना चांगलंच कळलं.

आता काजूचं. बेनिनमध्ये वर्षाला लाखाहून जास्त टन काजू बी पिकते. हंगाम साधारण आपल्याबरोबरच. ही बी वर्षानुवर्षं तशीच्या तशी जहाजात भरून भारतात आणि व्हिएतनामला जायची. फोडायची आपण, मजुरी आपल्याकडं, नफा आपल्याकडं. त्यांच्याकडं राहायचा गोणीचा दर. तिथल्या सरकारनं ठरवलं, बस्स झालं. १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजू बीच्या निर्यातीला बंदी. आणि नुसता आदेश काढून बसले नाहीत. कोतोनूपासून चाळीसेक किलोमीटरवर ग्लो-जिग्बे इथं औद्योगिक वसाहत उभी केली, तिथं काजू फोडायचे आणि कापसापासून कपडे शिवायचे कारखाने आणले. गंमत म्हणजे ही वसाहत उभारणाऱ्या कंपनीचा संस्थापक मूळ भारतीय. म्हणजे आपल्या माणसाला तिकडं जे दिसलं ते आपल्या पुढाऱ्यांना इथं दिसत नाही.

लगेच कुणी कमेंटमध्ये "असाच नेता पाहिजे" लिहू नका. जरा थांबा. ही बंदी आणणारे राष्ट्राध्यक्ष पात्रिस तालोन स्वतः कापसाचे बडे व्यापारी. २०१६ साली निवडून आले, २०२१ मध्ये पुन्हा. मधल्या काळात, २०१९ च्या संसद निवडणुकीत एकाही विरोधी पक्षाला उभं राहता आलं नाही, ८३ च्या ८३ जागा सरकार समर्थकांच्या. विरोधी नेत्या रेक्या मादुगू यांना २० वर्षांची शिक्षा. ज्या देशानं १९९१ मध्ये लष्करी राज्यकर्त्याला मतपेटीतून घरी पाठवलं, त्याच देशात हे. आणि शेतकऱ्याचं काय? बाहेरचा व्यापारी बंद झाला की गिऱ्हाईक उरतात फक्त कारखानदार. मग दर कोण ठरवणार? सरकार किमान दर जाहीर करतं, पण हमीभाव कागदावर असणं आणि हातात पडणं यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

तरीही मी म्हणतो, त्यांनी प्रश्न बरोबर पकडला. शंभर किलो बी फोडली की वीस-पंचवीस किलो गर निघतो, आणि खरा पैसा त्या गरात आहे. आपण मात्र रडतोय गोणीच्या दरावर.

उद्या आयव्हरी कोस्टनं, जगातला सगळ्यात मोठा काजू उत्पादक, हेच केलं तर? देशात जेवढी बी फोडली जाते त्यातली निम्म्याहून जास्त बाहेरची आहे. आमच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून आजरा-चंदगडपर्यंतचे कारखाने पावसाळ्यानंतर कुठल्या बीवर चालतात, विचारा कुणालाही. ते थांबले तर आधी घरी बसतील त्या बी सोलणाऱ्या बायका. बाहेरची बी बंद करा म्हणून टाळ्या घेणाऱ्यांनी कधी त्यांच्या हजेरीचा हिशोब केलाय?

आणि बागायतदार तरी एप्रिलमध्ये पडेल दरात बी का देतो? बाहेरच्या बीवरचं आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून २.५ टक्के केलं, ते एक कारण आहेच. पण दुसरं कारण घरातलं. त्याला मे महिन्यात लग्न आहे, जूनमध्ये पोरांची फी आहे, आणि गोणी ठेवायला जागा नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे, तिच्यात काजू बी बसते. माल गोदामात ठेवा, कर्ज घ्या, दर चढला की विका. किती जणांना माहीत आहे? किती सोसायट्यांनी फलक लावला?

म्हणून यंदा भाषणाला येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला मी दोनच गोष्टी विचारणार. तुमच्या तालुक्यात गेल्या हंगामात किती गोणी बी तारणावर गेली, आणि ती ठेवायला गोदाम कुठं आहे? उत्तर आलं की इथंच टाकतो. तुम्हीही विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.