आधी बोर्ड, मग प्रोसेसर

भाचीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि भावोजींनी आरडी मोडली. कोर्स पाच वर्षांचा, कॉम्प्युटर मात्र एकदाच मिळणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तिने मला यादी पाठवली. वर चौदाव्या पिढीचा आय9, खाली एकच ओळ : "बाकी तू बघ, मामा." आमच्या इंदूरला अशी यादी घेऊन सिल्व्हर मॉलमध्ये शिरलं की तासाभरात खोकी गाडीत पडतात. म्हटलं, आधी घरी ये, चहा घे.

तिला माझा कॉम्प्युटर उघडून दाखवला. 2018 साली घेतलेला, रायझन 5 2600 आणि बी450 बोर्ड, सॉकेट एएम4. 2023 मध्ये त्याच बोर्डावर मी 5800एक्स3डी बसवला : 8 कोर, 96 एमबी एल3 कॅश. रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं जुनंच. फक्त बायोस आधी अपडेट केलं होतं.

आणि हो, फजितीही सांगितली. एएम4 मध्ये पिना चिपला असतात. थंड मशीनचा कूलर मी सरळ ओढला, तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून आला! दोन पिना वाकल्या. बायको टॉर्च धरून उभी, मी ब्लेडच्या पात्याने पिना सरळ करतोय, आणि दोघंही श्वास रोखून. मशीन थोडं तापवून, कूलर हलकेच फिरवून काढायचा असतो, हे नंतर कळलं. (एएम5 मध्ये पिना बोर्डावर आहेत, त्यामुळे आता जपायचं सॉकेटला.)

सॉकेटचं नाव तेच म्हणून नवा प्रोसेसर चालेलच असंही नाही. 2017 मध्ये इंटेलची आठवी पिढी आली, सॉकेट एलजीए 1151 च, पण सातव्या पिढीच्या बोर्डांवर ती चालत नव्हती. म्हणून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी आणि लागणारं बायोस बघावंच.

तिचा आय9 एलजीए 1700 चा. बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या झाल्या आणि 2024 मध्ये इंटेलने एलजीए 1851 आणलं. म्हणजे चार वर्षांनी वेग हवा असेल तर बोर्डही बदला. शिवाय रेव्हिटमध्ये मॉडेल हलवताना बहुतेक भार एकाच कोरवर असतो आणि लुमिअन चालतं ग्राफिक्स कार्डावर. चोवीस कोर बसून राहणार. घरात डीडीआर4 रॅम पडून असेल आणि पुढे काही बदलायचंच नसेल, तर एलजीए 1700 वाईट नाही. मात्र तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही चिप अस्थिर होतात हे 2024 मध्ये कंपनीनेच मान्य केलंय, तेव्हा बायोस ताजं करूनच वापरा.

आम्ही एएम5 घेतलं. रॅम डीडीआर5 च लागते, तिथे खिसा हलका होतो. पण 2027 पर्यंत आणि पुढेही या सॉकेटला आधार देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. रायझन 5 7600, बी650 बोर्ड, 16 च्या दोन रॅम. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात.

"आय9 नाही म्हणजे गेम?" भाचीचा चेहरा पडला होता. पहिल्याच रात्री दोन वाजता तिचा मेसेज आला, गेमचा स्क्रीनशॉट.

भावोजींनी सकाळी फोन केला. "म्हणजे चौथ्या वर्षी फक्त चिप?"

"फक्त चिप. आणि कूलर काढताना मला बोलवा."