पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

श्रावणी अमावास्येला महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत बैलपोळा साजरा होतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस असाच सण आषाढात, बेंदूर या नावाने येतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद व तूप लावून मळतात. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या कातडीवरून धन्याचा हात मायेने फिरतो. सणाच्या दिवशी बैलांस न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, पाठीवर झूल घालतात, नवी वेसण व नवा कासरा बांधतात. आणि घरची गृहिणी त्यांना ओवाळून पुरणपोळीचा घास देते. विदर्भात तर दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो व लाकडी बैल गावातून मिरवतात.

सण सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु बैल हा आमच्या घरातलाच एक, असे ज्या घरी अभिमानाने म्हणतात, त्या घराची परीक्षा त्या दिवशी होत नसते. ती दुसऱ्या दिवशी सुरू होते. झूल पेटीत जाते, गोंडे खुंटीला लागतात, आणि गोठ्यात उरतो तो शेण, मूत व चिखल यांत उभा असलेला मुका प्राणी.

त्याच्या गरजा थोड्या असतात, पण त्या रोजच्या असतात. मोठ्या जनावराला दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. चारा तो प्रथम भराभर गिळतो व मग निवांत बसून रवंथ करतो. हा निवांतपणा म्हणजे आळस नव्हे. रवंथावाचून खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही. वैरण टाकली आणि लगेच जुंपले, तर पोटभर घालूनही त्याला उपाशी ठेवल्यासारखेच होते. खांदा सुजला असता जू न ठेवणे, खाली कोरडी जागा करणे, गोमाश्या व गोचीड यांवर नजर ठेवणे, ही कामे कोणी मिरवीत नाही. उलट सणाच्या दिवशी मायेच्या भरात प्रत्येक जण पोळी भरवितो आणि रात्री बैलाचे पोट फुगते, असेही घडते. ज्ञानावाचून माया जनावराला बाधते ती अशी.

मुलांविषयीही येथे दोन शब्द बोलले पाहिजेत. वासराच्या गळ्यात हात टाकणे त्यांना आवडते. शेण काढणे आवडत नाही. कुत्र्याचे पिल्लू हौसेने घरी आणतात आणि त्याच्या पाण्याचे भांडे आईने भरावे, अशी अपेक्षा करतात. (मांजर मात्र या बाबतीत शहाणे! ते आपले दूध स्वतःच शोधून काढते.) मुलांना जनावरे खेळण्यासाठी दिली, पण त्यांचे काम दिले नाही, ही चूक वडील माणसांची आहे. ज्या मुलाकडे गोठ्यातील एका बादलीची जबाबदारी असते, त्याला पाहुण्यांच्या गर्दीतही ती बादली आठवते.

यावर कोणी म्हणेल, की हे बोलणे सोपे आहे. शेतकऱ्याच्याच घरात जेथे दाणा नाही, तेथे बैलाला कोठून येणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण २०१३ सालच्या दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडल्या, तेव्हा अनेक घरांतील माणसे आपल्या जनावरांबरोबर छावणीतच राहावयास गेली. गुरांच्या शेजारी त्यांनी खाट टाकली, तेथेच भाकरी खाल्ली. गरिबीमुळे त्यांना पोळ्याचा थाट करता आला नसेल. शेजार मात्र त्यांनी सोडला नाही.

कायद्यानेही या मुक्या प्राण्यांची दखल घेतली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. ओझी ओढणाऱ्या व वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. त्यांप्रमाणे दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेता येत नाही, सलग पाच तासांनंतर विसावा द्यावा लागतो, आणि अणकुचीदार टोकाची काठी वापरण्यास मनाई आहे. तथापि भर दुपारी आडरस्त्यावर पराणीची आर टोचली जाते, तेव्हा तेथे नियम वाचून दाखविणारा कोणी नसतो. असतो तो गाडीवान, आणि पुष्कळदा शेजारी बसलेला त्याचा मुलगा.

सर्वांत अवघड प्रश्न म्हाताऱ्या बैलाचा. ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ घरी बैलच उरले नाहीत. तेथे मातीच्या जोडीची पूजा होते. ज्यांच्या दावणीला थकलेला बैल आहे, त्यांना तो काम न करता खातो हे दिसते. दहा-बारा वर्षे त्याने ओढलेल्या नांगराचे धान्य घराने खाल्ले, हेही तितकेच खरे आहे. ज्याला शक्य आहे त्याने त्याला ठेवावे. ज्याला मुळीच शक्य नाही, त्याला दुरून दोष देणे योग्य नव्हे. परंतु मुले शाळेत गेली असता बैल गुपचूप बाजारात नेणे आणि संध्याकाळी रिकाम्या खुंट्याविषयी काहीतरी सांगून वेळ मारून नेणे, हे बरे नाही. घरातल्यासारखा वागविला म्हणता, तर त्याच्याविषयीचा निर्णय घराने एकत्र बसून घ्यावा, मुलांनाही विचारावे. कदाचित एखादे मूल म्हणेल, की त्याची वैरण मी आणीन. मग रोज सकाळी त्याला वेळेवर उठवावे लागेल, पावसाळ्यातही.