'अप्पर', पण कुणापेक्षा?

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000-01 या शैक्षणिक वर्षात. बहुजनांच्या पोरांना इंग्रजी कशाला, असे विचारणाऱ्यांची स्वतःची पोरे कोणत्या शाळेत जातात, हे आम्ही वेगळे सांगायला नको. परंतु नांदेड-लातूरच्या खेड्यांतला आमचा विद्यार्थी स्पर्धा परीक्षेला बसतो तेव्हा आजही तुलनेच्या शब्दांपाशी अडतो. 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' त्याला तोंडपाठ असते. अडचण येते ती जागा आणि दिशा दाखवणाऱ्या शब्दांची.

'इनर, इनरमोस्ट', 'आऊटर, आऊटरमोस्ट', 'अप्पर, अप्परमोस्ट'. येथे 'मोस्ट' शेवटी चिकटलेलाच असतो. पुढे आणखी एक 'मोस्ट' लावला की गुण गेला. दिशांचे याहून वेगळे. 'सदर्नमोस्ट' आहे, 'सदर्नर' नाही. लातूर नांदेडच्या दक्षिणेला, म्हणजे 'साऊथ ऑफ नांदेड'. निलंगा त्याहून दक्षिणेला, म्हणजे 'फार्दर साऊथ दॅन लातूर'. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर असेल तर हे अर्ध्या तासाचे काम आहे.

खरी गंमत 'अप्पर'ची. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण सांगते की 'अप्पर', 'इनर', 'आऊटर' ही रूपे दिसायला तुलनेची, पण त्यांच्यापुढे 'दॅन' येत नाही. 'हायर दॅन' चालते, 'अप्पर दॅन' चालत नाही. मराठीत 'वरचा' आणि 'त्याच्याहून वरचा' यांत शब्द तोच राहतो, म्हणून आमचा मुलगा बिनदिक्कत 'अप्पर दॅन' लिहून मोकळा होतो.

आणि 'अप्पर कास्ट' म्हणणाऱ्याला कुणापेक्षा वर, हे सांगावेच लागत नाही! (दोष इंग्रजीचा नव्हे, रेल्वेच्या 'अप्पर बर्थ'लाही हाच नियम.) बाबासाहेबांनी ज्या व्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती तर सगळी 'दॅन'वरच उभी आहे. प्रत्येक जात कुणाच्या तरी वर, कुणाच्या तरी खाली. तो 'दॅन' गाळला की उतरंड ही जणू निसर्गाचीच रचना वाटू लागते.

शिक्षक उदाहरणे देतात हिमालयाची आणि लंडनची. गावाचाच नकाशा फळ्यावर का काढू नये? मधोमध वाडा, मग वेस, आणि गावकुसाबाहेर आमची वस्ती. विहारांत संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या पदवीधर तरुणांनी या शब्दांसाठी दोन संध्याकाळी राखून ठेवाव्यात, आणि 'आऊटरमोस्ट' घर कोणते, हे मुलांनाच दाखवू द्यावे.