डेपोची जागा आणि विहिरीचे पाणी

शहराचा कचरा कोठे तरी टाकावाच लागतो. ही जागा निवडताना आपल्याकडे जमीन सरकारी आहे काय आणि ट्रक जाण्याजोगा रस्ता आहे काय, एवढे पाहिले जाते. क्वचित गाव लहान आहे काय, हेही मनातल्या मनात पाहिले जाते. जमिनीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न शेवटी येतो आणि बहुधा अहवालातील एका परिच्छेदात मिटतो. वस्तुतः भरावभूमीच्या, म्हणजे कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरण्याच्या जागेच्या, कोणत्याही प्रस्तावात पहिला प्रश्न तोच असावयास हवा.

असे न झाल्यास काय होते, हे पाहण्यास पुण्याहून फार दूर जावे लागत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात शहराचा कचरा वर्षानुवर्षे उघड्यावर पडत राहिला. विहिरींचे पाणी बिघडले, लोकांनी ते पिणे सोडले आणि गावाला टँकरची वाट पाहण्याची सवय लागली. ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या तेव्हा, विशेषतः 2014-15 च्या आंदोलनांत, शहरातील चौकाचौकांत ढीग साचले आणि मगच शहराला उरुळी कोणत्या दिशेस आहे हे कळले. 2017 मध्ये ही गावे महापालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. पण हद्द बदलल्याने विहिरीचे पाणी बदलत नाही.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग काळ्या पाषाणाचा आहे. वाळूच्या प्रदेशात पाणी चाळणीतून जावे तसे सर्वत्र सारखे झिरपते. आपल्याकडे तसे नाही. वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम, मग कोठे सच्छिद्र मांजऱ्या खडक तर कोठे अभेद्य पाषाण, आणि या सर्वांतून जाणाऱ्या भेगा. पाणी राहते ते मुरमात आणि या भेगांत, आणि वाहतेही त्यांतूनच. म्हणून एका शेतातील विहिरीला बारमाही पाणी असते आणि बांधापलीकडची विहीर फाल्गुनातच कोरडी पडते. शेतकऱ्याला हे ठाऊक असते. प्रकल्पाच्या नकाशावर मात्र डेपोभोवती कंपासाने वर्तुळ आखून काम भागविले जाते. 2016 च्या घनकचरा नियमांनी पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर अंतराची अट घातली, ती योग्यच होती. पण भेगेच्या वाटेवरील 600 मीटरवरची विहीर धोक्यात असू शकते आणि चढावरील जवळची विहीर सुरक्षित राहू शकते. अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची, आणि दिशा काढणे अवघडही नाही. एका रेषेत नसलेल्या तीन विहिरींतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली, तर पाणी साधारणतः कोणीकडे उतरते हे शाळेतील भूमितीनेही काढता येते. भेगांमुळे तीन विहिरी पुरत नाहीत, वीस-पंचवीस मोजाव्या लागतात, एवढेच.

त्याहून मोठा घोटाळा महिन्याचा आहे. भरावभूमीचा तळ आणि भूजलाची सर्वोच्च पातळी यांत किमान दोन मीटरचे अंतर असावे, असे हे नियम सांगत होते. 'सर्वोच्च' हा शब्द येथे सर्वांत मोलाचा. मे महिन्यात पाहणी केली तर विहिरीत दहा मीटर खाली पाणी दिसेल आणि जागा उत्तम ठरेल. तीच विहीर भाद्रपद-आश्विनात पाहिली तर पाणी हाताला लागेल, इतके वर आलेले असू शकते. पावसाळ्यात जागेवर चिखल असतो, जीप जात नाही; म्हणून पाहणी उन्हाळ्यात होते. या साध्या सोयीपायी चुकीचे उत्तर शास्त्राच्या नावाने नोंदले जाते. खडीच्या जुन्या खाणी भरावासाठी सुचविल्या जातात, तेथे तर अधिकच सावध राहणे भाग आहे. सुरुंगांनी खडक फुटलेला असतो आणि खाणीत साचलेले पाणी अनेकदा भूजलाचेच असते.

यावर उत्तर मिळते की, आता तळाशी अस्तर घालतात. खरे आहे. 90 सेंटिमीटर चिकणमाती आणि तीवर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा, अशी ती योजना. परंतु या मातीसाठी मान्य केलेला पाझराचा वेग सेकंदाला एका सेंटिमीटरचा एक कोट्यंश असा आहे. आकडा नगण्य वाटतो. वर्षाचा हिशेब केला तर तो सुमारे सव्वातीन सेंटिमीटर होतो, आणि पडदा निकामी होऊन मातीवर पाणी उभे राहिले तर एका हेक्टरमधून वर्षाला तीन लाख लिटरहून अधिक दूषित पाणी खाली जाऊ शकते. आता खालचा साठा पाहावा. खडकाच्या आकारमानाच्या दोन टक्के एवढेच पाणी हाती लागते असे धरले, तर पाच मीटर जाडीच्या भिजल्या थरात हेक्टरी दहा लाख लिटर भरतात. म्हणजे मिसळून सौम्य होण्यास फारसे पाणीच नाही. अस्तर हवेच, पण ते झिरपा मंद करते, रद्द करीत नाही, आणि पडद्याचे सांधे जोडणारा कारागीर व त्यावर देखरेख करणारा कनिष्ठ अभियंता यांच्यावर पुढील पन्नास वर्षे अवलंबून असतात.

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्येच त्याचे विवेचन केले होते: उत्पादकाच्या हिशेबवहीत न उमटणारा, परंतु दुसऱ्याच्या माथी बसणारा खर्च. कचऱ्याच्या टनामागील दर ठरविताना वाहतूक, यंत्रे, मजुरी धरली जाते. विहिरीचे मूल्य शून्य धरले जाते, कारण तिच्या पाण्याची पावती कोणी फाडत नाही. ते पाणी नासले की टँकर येतो, आणि त्याची पावती फाटते. म्हणजे खर्च पहिल्या दिवसापासून होताच. तो फक्त दुसऱ्या खात्यावर आणि दुसऱ्याच्या नावावर होता. स्वस्त दिसणारी जागा खरोखर स्वस्त असेलच असे नाही.

गावकऱ्यांचा विरोध नेहमीच शुद्ध असतो असे नव्हे. त्यात जमिनीच्या भावाचे गणितही असते. आणि अस्तर घातलेली भरावभूमी उघड्या ढिगापेक्षा निश्चितच बरी. ओला कचरा घरीच वेगळा झाला तर झिरपणारे घाण पाणी पुष्कळ कमी होते, हे शहरवासीयांनी स्वतःच्या मोरीपाशी उभे राहून ध्यानी घ्यावे. परंतु यांतील कोणतीही गोष्ट पाहणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

या पाहणीत मुख्य वस्तू आहे ती आरंभीची नोंद. डेपो येण्यापूर्वी विहिरीत क्लोराइड किती होते, नायट्रेट किती होते, हे लिहून ठेवलेले नसेल तर नंतर सिद्ध काहीच करता येत नाही. 'ते आधीपासूनच खारे होते' या एका वाक्यापुढे सारे गाव हरते. क्लोराइड मातीत अडकून पडत नाही, पाण्याबरोबरच चालते; म्हणून त्याची वाढ ही बहुधा पहिली चाहूल असते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत ते इष्ट मानले आहे. पण 40 चे 120 झाले तरी पाणी नियमाने पिण्याजोगेच राहते, आणि धोक्याची घंटा मात्र केव्हाच वाजलेली असते. यासाठी प्रत्येक विहिरीचा स्वतःचा आकडा हवा आणि तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असावा.

पर्यावरणीय आघाताच्या मूल्यमापनासाठी 2006 च्या अधिसूचनेने जाहीर सुनावणीची तरतूद केली आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देण्यास सांगितले. मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीत, आणि ज्यांची विहीर त्यांच्या हाती काही पाने. सुनावणीच्या मंडपात मग घोषणा होतात, भूजलाच्या नकाशाविषयी प्रश्न होत नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे राज्यभरच्या निरीक्षण विहिरींच्या अनेक दशकांच्या नोंदी आहेत. त्या मराठीत, गटनंबरासह, सुनावणीपूर्वी गावाच्या चावडीत लागल्या तर शाळेतील विज्ञानाचा शिक्षकही त्या वाचून दाखवू शकेल.

एका वर्षाचे उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतरचा काळ अशा तीन मोजण्या घेण्यास बारा महिने लागतात. तोवर निविदा काढू नये. जागेची पहिली मोजणी मे महिन्यात झालीच असेल, तर दुसरी आश्विनात करावी, आणि ती करावयास जाणाऱ्या पथकाने चिखलातून चालत जावे.