घुंगरं पोटासाठीच वाजली

26 डिसेंबर 1899. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये थंडीने बांधकामं ठप्प. मॉरिस हा तिथला लोकनाच खरा तर उन्हाळ्याच्या तोंडाचा. पण चार पैसे मिळावेत म्हणून गडी पायांत घुंगरं बांधून हिवाळ्यातच बाहेर पडले. कॉन्सर्टिना या भात्याच्या वाद्यावर विल्यम किंबर, पेशाने गवंडी. संगीतशिक्षक सेसिल शार्पने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून चाली उतरवून घेतल्या. पुढे लंडनमध्ये लोकसंगीताची वास्तू उभी राहिली. पायाचा दगड 1929मध्ये किंबरने बसवला. नाव लागलं शार्पचं! शार्पचं काम मोठंच, तरी मला हे खटकतं. आणि पैशासाठी नाचलं की परंपरा बाटते, असं नाक मुरडणाऱ्यांचा तर रागच येतो. त्या दिवशी मजुरी मिळाली असती, तर शार्पला दिसलं असतं काय?